सरळ दिसणारी पन्हळ

मित्रांनो, रस्त्याने जाताना तुम्ही दुकानांच्या पाट्या वाचता, खिडक्यांतली माणसे पाहता. पण छपराची कड जिथे संपते तिथे सहसा कोणाची नजर जात नाही. मी तिथे असते. मी एक जुनी पन्हळ आहे. जस्ती पत्र्याची, अर्धगोल, कडेला गोल वळी असलेली. छपरावरचे पाणी झेलायचे आणि कोपऱ्यातल्या नळातून खाली उतरवायचे, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. पण हे सोपे काम मला कित्येक वर्षे करता आले नाही आणि त्यापायी एका बाईच्या जिवावर बेतले.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, घरामागची लांबट खोली. एका बाजूला पत्र्यांची चळत, दुसऱ्या बाजूला लोखंडी नळी बसवलेले लाकडी बाक आणि मधे जेमतेम चालण्यापुरती वाट. पत्रेवाला हे काम आपल्या मामाकडे शिकला होता. पण अलीकडे हाताने पन्हळ घडवून मागणारे कोणी राहिले नव्हते. लोक प्लॅस्टिकची आयती पन्हळ आणत, हा जाऊन खटके बसवून येई, की झाले. त्यामुळे कोपऱ्यावरचे घड्याळजी जेव्हा येऊन म्हणाले, "मला जुन्या पद्धतीची हवी, पत्र्याची, गोल," तेव्हा पत्रेवाल्याचा चेहरा असा उजळला की जणू घरात कार्य ठरले आहे.

त्याने मला नळीवर ठेवून लाकडी मोगरीने हळूहळू वाकवले. जोरात मारले तर पत्र्याला पोचे पडतात, म्हणून तो थोपटल्यासारखे मारी. कड सळईभोवती वळवून घेतली. तुकडे एकमेकांत बसवून रिव्हेट मारले, त्यावर कथिलाचा डाख दिला. मग डोळे मिटून माझ्या सगळ्या लांबीवरून अंगठा फिरवला. कुठेही धार लागली नाही, तसा तो आत तोंड करून ओरडला, "अगं, ये, बघ तरी!"

त्याची बायको पदराला हात पुसत आली. मला पाहून म्हणाली, "पन्हळच करताय ना? का पाळणा?"

तो नुसता हसला. मला ते बोलणे फार आवडले.

घड्याळजींचे घर गल्लीच्या तोंडाशी होते. पुढच्या खोलीत घड्याळांचे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, आणि वर उतरत्या छपराखाली माळ्याची एकच खोली. त्या खोलीची खिडकी छपरातच काढलेली होती. खिडकीतून हात बाहेर काढला की थोड्या अंतरावर छपराची कड. माळ्याची जमीन ज्या वाशांवर होती, त्या वाशांची टोकेही तिथेच, कडेजवळच्या भिंतीत बसवलेली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे त्या टोकांपाशीच घडले.

माळ्यावर घड्याळजींची थोरली बहीण राहायची. घड्याळजी तिला ताई म्हणत, त्यांची बायको वन्सं म्हणे आणि सगळी गल्ली टपालबाई. तिने उभा जन्म टपाल वाटले होते. कोणाच्या दाराची कडी कशी वाजते, कोणाच्या जिन्याची कोणती पायरी करकरते, सगळे तिला ठाऊक. पण चालून चालून गुडघे गेले. घड्याळजींनी मोठ्या मायेने तिला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. "ताईला वर ठेवलंय. ऊन, वारा, शांतता, सगळं आहे," असे ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. जिना मात्र शिडीसारखा उभा होता. आधी ताई दिवसाआड खाली येई, मग सणावारी, आणि मग तिचे खाली येणे कधी बंद पडले ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मला बसवायला पत्रेवाला आला तो इस्त्रीचा सदरा घालून. त्याने दोरी ताणली, नळाच्या बाजूला बेताचा उतार दिला, एकेक आकडा ठोकला आणि मला त्यांत बसवले. मग वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतले. ते पाणी माझ्या अंगावरून सळसळत गेले आणि नळात उतरून खाली खळाळले. मित्रांनो, माझ्या पोटातून पाणी वाहून जाण्याचा तो पहिला आनंद. मला वाटले, आपले आयुष्य आता असेच जाणार.

तो शिडीवरून उतरला आणि सगळे रस्त्यात उभे राहून वर पाहू लागले.

छपराची कड जुनी होती. नळाच्या उलट टोकाला ती थोडी खाली बसली होती. म्हणजे मी एकीकडे उतरत होते आणि कड दुसरीकडे. आमच्या दोघींच्या मधे एक पाचर दिसत होती. समोरच्या दुकानातला चष्मेवाला बाहेर आला. त्याने आपला चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "पन्हळ वाकडी आहे का माझा नंबर वाढलाय?"

सगळे हसले. घड्याळजींचा चेहरा मात्र पडला. उभा जन्म काटे सरळ करण्यात गेलेला तो माणूस. ते पत्रेवाल्याला म्हणाले, "अहो, दारावरच असं वाकडं दिसलं तर माझ्याकडे घड्याळ कोण देईल?"

"पाण्याला उतार लागतो," पत्रेवाला म्हणाला. पण म्हणता म्हणता तोही चार पावले मागे गेला आणि त्याने मला नीट पाहिले. त्यालाही ते खुपले. इतक्या वर्षांनी हाताने केलेले काम, आणि लोक पाहून हसताहेत. त्याला वाटत होते, लोकांनी थांबावे, विचारावे, हे कोणी केले? त्याने डोके खाजवले आणि स्वतःच म्हणाला, "घेऊ या थोडी सरळ. पाण्याचं काय, मागून रेटा आला की जाईलच पुढे."

त्याने आकडे उपटले, जुनी भोके पुट्टी भरून बुजवली आणि मला छपराच्या कडेशी अगदी समांतर बसवले. आता मी सुरेख दिसू लागले. चष्मेवाल्यानेही मान डोलावली. येणारे-जाणारे थांबत, माझ्या कडेची वळी बोटाने दाखवत. पत्रेवाला नव्या गिऱ्हाइकांना घेऊन यायचा आणि खालूनच म्हणायचा, "हे आपलं काम." मलाही ते कौतुक गोड लागले.

मग पाऊस आला.

छपरावरून पाणी माझ्यात उतरले. थोडे नळाकडे गेले. उरलेले माझ्या खाली बसलेल्या बाजूला, नेमके ताईच्या खिडकीखाली थांबले आणि तिथेच राहिले. पाऊस संपला, ऊन आले, तरी ते तिथेच. मागून रेटा आला की पुढचे पाणी जाई, पण तेवढेच मागचे येऊन त्याची जागा घेई. त्यात पाने पडली. पाने कुजून काळा चिखल झाला. चिखलात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. उन्हात ते पाणी कोमट होई आणि त्याला वास येई.

मला नुसते एका बाजूला कलायचे होते. फार नाही, नखभर. पण हात हात अंतरावर आकडे होते आणि प्रत्येक आकड्याने मला घट्ट धरले होते. पाण्याला मी अडकवले होते आणि मला आकड्यांनी. खाली लोक म्हणत होते, "काय सुरेख बसलीय!" आणि मी वर पोटात घाण घेऊन त्यांचे कौतुक ऐकत होते.

हे फक्त एकाच माणसाला दिसत होते. ताईला. सगळी गल्ली मला बाहेरून पाहायची, ताई एकटी आतून.

तिने भावाला लगेच सांगितले होते. जिन्याच्या तोंडाशी येऊन तिने हाक मारली, "अरे, पन्हळीत पाणी तुंबतंय!" घड्याळजी रस्त्यावर गेले, वर पाहिले आणि खालूनच ओरडले, "ताई, अगदी दोरीत आहे गं! सगळे नावाजताहेत."

"तिथून नको बघूस. वर येऊन बघ."

"येतो, दुकान आवरलं की येतो."

ते आले तेव्हा अंधारून आले होते. खिडकीतून त्यांनी मान बाहेर काढली आणि काही दिसले नाही. "उद्या बघतो," असे म्हणून ते गेले. तो उद्या काही उजाडला नाही.

मग ताईने आपणच उपाय शोधला. तिने काठीला एक जुना ब्रश बांधला. पाऊस लागला की ती खिडकी उघडून बसे आणि तो ब्रश माझ्यात घालून पाणी नळाकडे ढकली. ढकलताना तिचे बोलणे चालू असे. "चला, पुढे व्हा. बेकरी झाली. आता पायऱ्यांचं घर. आता कुत्रं बांधलेलं घर, इथे जरा जपून. आता शाळा. हं, आता चढ." ती आपल्या जुन्या वाटेने टपाल वाटत निघालेली असे आणि तिच्याबरोबर माझ्यातले पाणीही निघे. नळातून ते खळाळले की ती म्हणे, "पोचलं एकदाचं," आणि ब्रश झटकून आत घेई. तेवढ्यापुरते माझे पोट हलके होई.

पण ब्रश सगळीकडे पोचत नसे. मुसळधार पावसात पाणी माझ्या मागच्या काठावरून सांडे आणि भिंतीत मुरे. वाशांची टोके ते पिऊन घेत. हळूहळू खाली दुकानाच्या छताला एक पिवळा डाग उमटला. मग तो पसरत चालला.

घड्याळजी एके दिवशी तडक वर आले. म्हणाले, "ताई, तांब्या जरा जपून ठेवत जा. खाली छताला ओल आलीय."

"मी पाणी सांडत नाही."

"अगं, वय झालं की हात थरथरतो. त्यात लाजायचं काय?"

"माझा हात थरथरत नाही. तुझी पन्हळ तुंबतेय."

"पन्हळ, पन्हळ! ज्याला त्याला ती आवडते आणि तुझं मात्र एकच पालुपद!"

घड्याळजींची बायको दारात उभी होती. ती समजुतीने म्हणाली, "वन्सं, राहू दे. पाणी मीच खालून आणून देत जाईन. तुम्ही हाक मारा फक्त." आणि तिने तांब्या आणि कळशी उचलून खाली नेली.

त्या दिवसापासून ताईला घोटभर पाणीही मागावे लागे. हाक खाली पोचायला वेळ लागे, खाली दुकानात गिऱ्हाईक असे. ताई मागेनाशी झाली. तहान लागली तरी जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राही. मित्रांनो, ठिबकत होते मी. आणि माझे ते ठिबकणे सगळ्यांनी तिच्या माथी मारले. मला बोलता येत असते तर!

डाग तरीही वाढला. मग कौल फुटले असेल म्हणून घड्याळजींनी कौले बदलली. छताला चुना दिला. पावसात डाग पुन्हा वर आला. त्यांना वाटले, जुनी ओल आहे, निघायला वेळ लागणार.

एका पावसात चष्मेवाल्याने समोरून पाहिले, टपालबाई कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकली आहे. त्याने आरडाओरडा केला. घड्याळजी धापा टाकत वर धावले आणि बहिणीला दंडाला धरून आत ओढले. "काय झालं असतं ताई? काय झालं असतं?" एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीला बाहेरून जाळी ठोकली आणि ब्रश खाली नेला. "तुझ्याच भल्यासाठी गं," ते म्हणाले. ताई भावावर चिडली नाही. तो घाबरला होता हे तिला दिसले होते, आणि घाबरलेल्या मायेशी भांडायचे कसे ते कोणालाच ठाऊक नसते.

त्यानंतर ती जाळीत बोटे अडकवून बसे. मी तिच्या बोटांकडे पाही. पाऊस येई, पाणी चढे, आणि आमच्यातले अंतर तेवढेच राही. तिला बाहेर येता येत नव्हते, मला हलता येत नव्हते. वाशांची टोके आता पावासारखी मऊ झाली होती. माझे आकडे त्याच लाकडात ठोकलेले, म्हणून मला ते आतून कळत होते. खिळे सैल होत होते. मी गंजत होते, तेही आतून. बाहेरून अजून कोणाला काही दिसत नव्हते.

आणि मग ती दुपार आली. पाऊस सकाळपासून कोसळत होता. माझ्या काठावरून पाणी मागे भिंतीत धो धो सांडत होते. ताई ते पाहायला खुर्चीतून उठली, भिंतीला धरून खिडकीशी आली, आणि तिच्या पायाखालची फळी कड् करून मोडली. तिचा उजवा पाय मांडीपर्यंत जमिनीत गेला.

खाली दुकानात चष्मेवाला आपल्या घड्याळाचा पट्टा बदलून घ्यायला आला होता. वरून चुन्याचा ढलपा काचेच्या कपाटावर पडला. दोघांनी वर पाहिले. छतातून एक पाय लोंबत होता. तपकिरी लोकरी मोज्यातला.

घड्याळजी कसे टेबलावर चढले ते त्यांनाही कळले नसेल. त्यांनी दोन्ही हातांनी खालून तो पाय तोलून धरला. "ताई! ताई, ऐकू येतंय का?"

"येतंय रे. एवढ्याने ओरडू नकोस, तुझी घड्याळं बंद पडतील."

बायको जिन्याने वर धावली. ताईने तिला दारातच थांबवले. "आत येऊ नकोस गं, तूही जाशील. तिथेच आडवी पड आणि माझा हात धर." तिने तसेच केले. उंबऱ्यावर पालथी पडून तिने वन्संचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि रडू लागली. चष्मेवाला भर पावसात पत्रेवाल्याला आणायला पळाला, कारण गल्लीत शिडी आणि करवत त्याच्याकडेच होती.

इकडे वासा खचला तसा माझा एक आकडा उपटून आला. माझे एक टोक भिंतीपासून सुटून लोंबकळू लागले. तिथे भिंतीला पडलेल्या भगदाडातून मला आतले सगळे ऐकू येत होते.

घड्याळजी टेबलावर ताटकळत उभे होते, हात वर केलेले. भिंतीतले पाणी मोडक्या वाशावरून निथळत त्यांच्या डोक्यावर, मानेवर पडत होते. काळे, गार, कुजक्या पानांचा वास असलेले. मग ते म्हणाले, "ताई, ह्या पाण्याला पानांचा वास येतोय."

"हं."

"हे तांब्यातलं नाही."

"नाही."

पाऊस पडत राहिला. घड्याळजींनी त्या पायाला डोके टेकवले असावे, कारण त्यांचा आवाज दबका झाला. "मी तुझं पाणी काढून नेलं गं."

"नेलंस खरं," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मला इथे वर नाही राहायचं."

"अगं, पण ही घरातली सगळ्यात चांगली खोली..."

"खालून बघतोस म्हणून चांगली. मी जन्मभर माणसांच्या दारात गेले रे. आता माझ्या दारात नुसतं ताट येतं आणि ताट जातं."

"मग बोलली का नाहीस?"

"पन्हळीचं बोलले होते. काय झालं त्याचं?"

उंबऱ्यावरून घड्याळजींच्या बायकोचा हुंदका ऐकू आला. "वन्सं, तुम्ही आधी खाली या," ती म्हणाली. "मग सगळं बघू."

पत्रेवाला आला. त्याने खालून वाशाला टेकू दिला, जमिनीवर फळ्या टाकल्या आणि पालथा सरकत जाऊन पायाभोवतीचे लाकूड करवतीने कापले. पाय सोलवटून निघाला होता, सुजला होता, पण मोडला नव्हता. मग ताईला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवले. पत्रेवाला खाली, घड्याळजी वर, आणि त्यांची बायको मधे पाय धरून. "अहो उजवीकडे! उजवीकडे! भिंत घासतेय!" ती ओरडत होती, आणि ताई म्हणत होती, "जपून रे बाबांनो, नाजूक पार्सल आहे."

डॉक्टर येईपर्यंत खुर्ची दुकानाच्या दारात ठेवली. ताईने रस्ता पाहिला. किती तरी वर्षांनी तिने माणसांची डोकी सोडून तोंडे पाहिली. बेकरीवाला छत्री घेऊन चालला होता, तो थबकला. "टपालबाई! अहो, तुम्ही आहात अजून?"

"आहे ना," ताई म्हणाली. "मला वर टांगून ठेवलं होतं."

तेवढ्यात पत्रेवाला शिडी लावून माझ्यापर्यंत आला. त्याने माझ्यात हात घातला. मनगटापर्यंत तो चिखलात बुडाला. खाली उतरून पत्रेवाला म्हणाला, "ह्या पाण्याचा दोष माझाच आहे. मी सरळ घेतली."

"मी घ्यायला लावली," घड्याळजी म्हणाले.

"नाही, मीच म्हणालो सरळ घेऊ."

"माझं तोंड बघून म्हणालात."

"दोघांनी मिळून घेतलीत," ताई दारातून म्हणाली. "आता दोघं मिळून वाकडी करा. आणि डॉक्टर आला का बघा, पाय ठणकतोय."

ताई पुन्हा वर गेली नाही. तिची खाट मागच्या खोलीत टाकली आणि दिवसभर ती दुकानात बसू लागली. तिचे गुडघे काही बरे झाले नाहीत. पण लोक तिच्याशी दोन शब्द बोलायला म्हणून दुकानात शिरत आणि बंद पडलेले घड्याळही घेऊन येत. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी असे.

माझेही दिवस पालटले. वाशांना नवी टोके जोडली. माझा गंज खरवडला. खिडकीखालचा भाग गंजाने फारच खाल्लेला होता, म्हणून तिथे नव्या पत्र्याचा तुकडा घातला. त्याचा रंग अजून माझ्याशी जुळत नाही. या वेळी पत्रेवाल्याने दोरी ताणली ती पाण्यासाठी. मी पुन्हा छपराच्या कडेला तिरकी झाले, जुन्या भोकांचे ठिपके उघडे पडले. चष्मेवाला आला, त्याने पाहिले आणि तोंड उघडले. घड्याळजी म्हणाले, "हो, वाकडी आहे. वाकडीच राहणार." तो चष्मा पुसत परत गेला.

सगळेच काही ठाकठीक झाले असे नाही. एका सांध्यातून अजून ठिबकते. पत्रेवाल्याने तिथे पुन्हा पुन्हा डाख दिला, तरी पावसात दुकानात शिरणाऱ्याच्या मानेवर एखादा थेंब पडतोच. आता माझ्याकडे बोट दाखवून कोणी कौतुक करत नाही. पाणी मात्र वाहते.

पण मित्रांनो, खरे सांगू? तेव्हापासून मी फार एकटी पडले. माळ्याच्या खोलीत घड्याळांची रिकामी खोकी भरून ठेवली आहेत. खिडकी बंद असते. जाळी अजून तशीच आहे. माझ्यात डोकावणारे, पाण्याशी बोलणारे कोणी राहिले नाही. आकडे नवे आहेत, पण आकडेच आहेत. मी जिथे होते तिथेच आहे.

एका पावसात पानांचा बोळा माझ्या नळाच्या तोंडाशी अडकला. पाणी पुन्हा चढू लागले. ते जुने, ओळखीचे चढणे. मला धडकी भरली. उतार होता, पण वाट बंद. वरून पाहणारे कोणी नव्हते आणि खालून मी नेहमीसारखीच दिसत होते.

त्याच दिवशी ताई काठी टेकत दारात आली. घड्याळजींच्या बायकोने तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. ताई एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडून चष्मेवाल्याच्या ओट्यापर्यंत गेली, वळली आणि तिने वर पाहिले. मित्रांनो, इतकी वर्षे आम्ही एकमेकींच्या सोबतीने काढली, पण तिने मला बाहेरून कधीच पाहिले नव्हते.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही होय ती! केवढी वाकडी!" आणि ती मनापासून हसली.

मग तिचे हसू थांबले. तिने कान दिला. इतका पाऊस पडतोय आणि कोपऱ्यातल्या नळातून आवाज नाही. ती रस्त्याच्या पलीकडूनच भावाला म्हणाली, "तिचा घसा धरलाय. शिडी लाव."

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि शिडी आणली. भिजत वर चढले, माझ्यात हात घातला आणि पानांचा काळा बोळा ओढून काढला. सगळे पाणी एकदम सुटले. नळ गर्जत खाली मोकळा झाला. ताई समोर छत्रीखाली उभी होती. तिला वर येता येत नव्हते, मला खाली जाता येत नव्हते. तिने नुसती काठी उचलून माझ्याकडे हलवली आणि बायकोचा हात धरून ती दुकानात गेली.

तर मित्रांनो, तुमच्या घराला माझ्यासारखी कोणी असेल तर पावसाआधी एकदा शिडी लावा आणि हात आत घाला. हात घाण होतील, होऊ द्या. आणि घरातल्या एखाद्या माणसाला तुम्ही मोठ्या प्रेमाने एका चांगल्या जागी बसवून ठेवले असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तिथून कसे दिसते ते त्यालाच विचारा. आम्हाला हलता येत नाही. तुम्हाला येता येते.